पोगादु-अम्मा

चेन्नईत गिंडीच्या आमच्या जुन्या कारखान्यात मागच्या महिन्यात अंबुबाईची शोकसभा झाली. मी रिटायर माणूस, पण निरोप आला म्हणून गेलो. पुढच्या रांगेत बसवलं. समोर तिचा मोठा फोटो, मोगऱ्याचा जाड हार आणि खाली तमिळमध्ये सोनेरी अक्षरं. शेजारच्याला विचारलं, काय लिहिलंय? तो म्हणाला, "आमच्या कारखान्याची आई."

मग मॅनेजर उभा राहिला. म्हणाला, अंबुबाईला कधी रागावलेलं मी पाहिलं नाही. म्हणाला, सहनशीलता काय असते ते या माउलीकडून शिकावं. म्हणाला, बायकांना पुढे आणणारा आपला कारखाना या वसाहतीत पहिला, आणि तिला इन्स्पेक्टर मीच केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या.

मी वाजवल्या नाहीत. पण उठून बोललोही नाही. चाळीस वर्षं इथे काढली तरी माझं तमिळ बाजारापुरतं आणि भांडणापुरतं. भांडणाचं तमिळ शोकसभेत चालत नाही. घरी आलो. चहा टाकला. एकट्याचा चहा मला अजून जमत नाही, रोज जास्त होतो. तो पिता पिता ठरवलं की हे मराठीत लिहायचं आणि इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकाला द्यायचं. अंकात दरवर्षी कुणी आपल्या गुरुजींवर लिहितं, कुणी आत्यावर. मी अंबुबाईवर लिहितो. माझी शाळा सातवीपर्यंत, तीही अर्धी. शुद्धलेखन संपादकांनी सुधारावं. मजकूर सुधारू नये.

मॅनेजरचं नाव देत नाही. आम्ही त्याला टाय म्हणायचो. पत्र्याच्या शेडमध्ये, चेन्नईच्या मे महिन्यात, गळ्यात टाय बांधून फिरणारा तो एकच होता. ज्याला कळायचं त्याला कळेल, आणि त्याला तर कळेलच, कारण हा अंक मी स्वतः त्याच्या टेबलावर ठेवून येणार आहे. वाचून दाखवायला माणूस त्याने शोधावा.

अंबुबाई तंजावरकडची. तिकडे मराठी माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी गेली आणि तिथलीच होऊन गेली, हे मला इथे आल्यावर कळलं. मी कोल्हापूरकडचा. तिचं मराठी पहिल्यांदा ऐकून मी हसलो होतो. आपण 'केलं' म्हणतो, ती 'केलें' म्हणायची, नाकातून. 'मला'ला 'मज' म्हणायची. आणि सूर सगळा तमिळ. माझी बायको इंदू म्हणायची, "पोथी वाचल्यासारखं बोलते. फक्त पोथीत शिव्या आहेत." अंबुबाईला तिच्या आजोबांनी बाळबोध अक्षरं शिकवली होती. तिकडच्या पुष्कळ लोकांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, तिला वाचता यायचं. हे मला फार उशिरा कळलं.

बाई अंगाने बारीक. चष्म्याला दोरा. केसांत मोगरा आणि कमरेला सुताचा बोळा खोचलेला, त्यामुळे जवळून गेली की मोगरा आणि रॉकेल असा दोन्हीचा वास यायचा. डाव्या हातात बांगड्या, उजवा हात मोकळा. बायका विचारायच्या, एकाच हातात का गं? तर म्हणायची, "मापितांना खुळखुळतें. लक्ष जातें." नवऱ्याला सोडून आलेली होती. नवऱ्याने तिला सोडलं असं कुणी म्हटलं तर ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची. मी एकदा विचारलं होतं, काय झालं म्हणून. म्हणाली, "रिजेक्ट, अण्णा. रिवर्कही होणार नव्हतें." 

कारखान्यात ती हेल्पर म्हणून लागली. पुरुष लेथवर, बायका खाली बसून तयार माल रॉकेलमध्ये धुणार, पुसणार, असं काम वाटलेलं. आम्ही पितळेचे बुश करायचो. बुश म्हणजे आरपार भोक असलेला तुकडा, पंपात बसतो. भोकाचं माप बरोबर पाहिजे. ते तपासायला हाताएवढं एक पोलादी दांडकं असतं, त्याला गेज म्हणतात. त्याची एक बाजू भोकात गेली पाहिजे आणि दुसरी, जिला लाल रंग असतो, ती जाता कामा नये. साधी बाजू गेली नाही तर भोक लहान, परत लेथवर, त्याला रिवर्क म्हणतात. लाल बाजू गेली तर भोक मोठं, भंगार.

त्या वेळचा इन्स्पेक्टर म्हातारा होता, मोतीबिंदू झालेला. त्याला दिसेना. अंबुबाई माल पुसता पुसता त्याच्यासाठी गेज लावून बघायची आणि सांगायची. साधी बाजू गेली की "पोगुम", नाही गेली की "पोगादु". तमिळमध्ये पोगुम म्हणजे जाईल, पोगादु म्हणजे नाही जाणार. म्हातारा ऐकून शिक्का मारायचा. पुढे पुढे ती गेज लावायच्या आधीच भोकात करंगळी फिरवून सांगायला लागली. आम्ही लेथवरचे टर्नर लोक चिडायचो. सकाळपासून घाम गाळून केलेला माल, आणि ही खाली बसलेली बाई म्हणणार पोगादु. तेव्हा चिडून कुणीतरी तिला पोगादु-अम्मा म्हटलं. नाव पडलं. तिला आवडलं. बाहेरही वापरायला लागली. भाजीवाल्याने शिळी वांगी घातली, पोगादु. देवळातल्या माणसाने सांगितलं की पुरुषांची रांग आधी, पोगादु. इंदूने तिला एकदा लाजत सांगितलं की आमच्या लेकीला बघायला आलेल्यांनी तिला चालून दाखवायला लावलं. अंबुबाईने हातातली वाटी खाली ठेवली. "मग नवरामुलासही चालविलें ना? नाही? पोगादु!" ते स्थळ गेलं. लेक आज वेलचेरीला सुखात आहे, नवरा स्वतःची भांडी स्वतः घासतो.

म्हातारा इन्स्पेक्टर गेला आणि टाय सुपरवायझर होऊन आला, मॅनेजर पुढे झाला. डिप्लोमावाला. शिक्का त्याच्याकडे आला. त्याने तो शर्टाच्या खिशात पेनांच्या शेजारी ठेवला. तपासणी अंबुबाईच करायची, दिवसभर, शेकडो बुश. संध्याकाळी टाय यायचा, तिच्या समोरच्या पास झालेल्या ढिगाच्या चिठ्ठ्यांवर टपाटप शिक्के मारायचा आणि जायचा. शिक्क्यावर त्याचा नंबर. म्हणजे कागदावर ते सगळे बुश त्याने मापलेले. अंबुबाई कागदावर हेल्पर. वीस वर्षं हेल्पर.

ती मला म्हणायची, "अण्णा, मीं मापिलें, मीं पास केलें, आणि शिक्का त्याचा. उद्यां पंप फुटला तर मज विचारतील. पंप चालला तर त्यास विचारतील. हा कोठला न्याय?"

मी म्हणायचो, "शिक्का काय खायचाय? काम चाललंय ना?"

"तुम्हीं आपलें नांव तरी कशास लाविता मग दारावर? घर चाललेंच आहे की."

 मी सुताच्या बोळ्याने हात पुसायचो.

तिला राग येत नव्हता म्हणे. मी सांगतो तिचा राग कसा होता. तो उकळायचा नाही, मापात यायचा.

बायकांचं संडास होतं. त्यात तेलाची पिंपं ठेवलेली. बायका शेजारच्या चहावाल्याच्या मागे जायच्या, त्याची बोलणी खात. अंबुबाईने टायला तीनदा सांगितलं. तो म्हणायचा, बघू. चौथ्यांदा तिने सांगितलं नाही. रिजेक्ट मालाला आम्ही लाल रंगाचा पट्टा मारतो, तारेने चिठ्ठी बांधतो. एके दिवशी सकाळी टाय ऑफिसच्या संडासाकडे गेला तर दारावर लाल रंगाची मोठी फुली आणि कडीला तारेने बांधलेली चिठ्ठी. तारीख, माल, कारण, सगळे रकाने भरलेले. कारण : एक बाजू (बायकांची) उघडत नाही. टाय ओरडत शेडमध्ये आला, कुणी केलं हे? अंबुबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "मीं. शिक्का नाही म्हणून अडलें. तो तुम्हीं मारा." सगळी शेड हसली. त्याने धमकी दिली, काढून टाकीन. ती म्हणाली, काढा, मग आजचा माल तुम्हीच मापा. संध्याकाळपर्यंत पिंपं हलली. दारावरचा लाल रंग मात्र कितीतरी दिवस पूर्ण गेला नाही.

दुसरी गोष्ट मल्लिकाची. मल्लिका नवीन लागलेली पोर, एकोणीस-वीसची. आमच्यातलाच एक टर्नर, त्याचं नाव घेऊन जीभ विटाळत नाही, येता-जाता तिच्या अंगाला हात लावायचा. आम्ही पाहायचो. मी पण पाहायचो, आणि लेथवर खाली मान घालायचो. मल्लिका रडत टायकडे गेली. टाय म्हणाला, शेड अरुंद आहे, हात लागतो.

अंबुबाईने तिचे डोळे पुसले नाहीत. म्हणाली, "रडूं नको. बघत राहा."

असं असतं की दहा बुशातला एक तपासून ढीग पास करायचा. सगळ्यांचा असाच व्हायचा. त्या दिवसापासून त्या टर्नरचा एकही बुश न तपासता गेला नाही. शंभरातले शंभर. केसाएवढा फरक असला तरी परत. भोकाच्या काठाला जरा बर, म्हणजे धातूची कूस, राहिली, परत. तो शिव्या द्यायला आला. ही म्हणाली, "ज्याचा हात जेथें नको तेथें जातो, त्याचें काम नीट मापावें लागतें." हे तिने तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. चौथ्या महिन्यात त्या माणसाने मल्लिकापुढे हात जोडले. अंबुबाई म्हणाली, माझ्याकडे बघू नको, तिला विचार. मल्लिका म्हणाली, "पोगादु." झालं. दुसऱ्या आठवड्यात तो दुसऱ्या कारखान्यात लागला.

एक लक्षात घ्या. या चार महिन्यांत तिने त्याचा एकही चांगला बुश रिजेक्ट केला नाही. करता आला असता. कोण बघत होतं? पण नाही. जो बरोबर होता तो पास. म्हणूनच तो हरला. अन्याय केला असता तर त्याला भांडता आलं असतं.

आता माझी गोष्ट. ही लिहायची म्हणून मी चार दिवस कागद बाजूला ठेवला होता.

पुढे तिने शिक्का मागितला. तोंडाने नाही, लेखी. मल्लिकाकडून तमिळमध्ये अर्ज लिहून घेतला, वरती पाठवला. मालक वरचा, बाहेरगावी राहणारा. त्याने टायला विचारलं, तुमचं मत काय? टायने स्वतःचं मत दिलं नाही. आम्हा टर्नर लोकांचं घेतलं. एक कागद टाइप करून आणला. आम्ही खाली सही करणारे कामगार असं कळवतो की बाई हेल्परच्या शिक्क्याने आमचं काम रिजेक्ट झालेलं आम्हांला मान्य होणार नाही, त्यामुळे शिस्त बिघडेल. त्याने वाचून दाखवलं. जेवणाच्या सुट्टीत, तिकडे बायका हात धूत होत्या तेव्हा.

मी सगळ्यांत सीनियर. पहिली सही माझी. त्याच आठवड्यात तिने माझे चाळीस बुश परत पाठवले होते, माझं डोकं तापलेलं होतं. हे कारण नव्हे, हे मी फक्त सांगतोय. बाकीच्या दहा जणांनी तमिळमध्ये सह्या केल्या. मी मराठीत केली. मी नेहमी मराठीतच करतो. आणि त्या वेळी मनात काय आलं तेही लिहितो, लाज सोडून : आलं की बरं झालं, इथे कुणाला वाचता येणार नाही.

टायने तो कागद दुसऱ्या दिवशी अंबुबाईला दाखवला. मुद्दाम. बघ, तुझेच लोक काय म्हणतात. ती तमिळ सह्या वाचत गेली नाही. वरच्या सहीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचली. पहिल्यांदा माझं नाव, मग वडलांचं, मग आडनाव. सावकाश, एकेक अक्षर, आजोबांनी शिकवल्यासारखं. माझा लेथ चालू होता तरी मला ऐकू आलं. आख्ख्या कारखान्यात माझी सही वाचू शकणारं एकच माणूस होतं, आणि मी नेमकी तिच्याविरुद्ध सही केली होती.

ती माझ्याकडे आली नाही.  संध्याकाळी आमच्या वेस्ट मांबलमच्या घरी गेली, माझ्या आधी पोचली, आणि इंदूला सांगितलं. मी घरी गेलो तर इंदू दारात.

"काय लिहिलं होतं त्या कागदावर?"

"तमिळ होतं. मला कुठे वाचता येतं?"

"अहो, वाचता येत नाही त्यावर सही केलीत?"

मी खाली वाकून चपला काढायला लागलो.

"म्हणजे माहीत होतं," इंदू म्हणाली. "नाहीतर तुम्ही आवाज चढवला असतात."

त्या दिवसापासून माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत अंबुबाईने माझा प्रत्येक बुश मापला. शंभरातले शंभर. त्या हात लावणाऱ्याला चार महिने, मला सहा वर्षं. अण्णा म्हणायची, बोलायची, दिवाळीला घरी यायची, इंदूच्या हातच्या चकल्या खायची. पण बुश मापायची. मी चिडलो, मग लाजलो, मग माझं काम सुधारलं. साठीच्या उंबऱ्यावर मी चांगला टर्नर झालो. याच्यासारखी शिक्षा नाही.

आणि शिक्का तिला कुणी दिला? टायने? ऐका.

कागदानंतर दोन वर्षांनी बाहेरदेशीचे गिऱ्हाईक आले. मोठं काम मिळणार होतं. त्यांच्यात एक गोरी बाई, उंच, साधे बूट घातलेली, आणि त्यांचाच एक दुभाषा तमिळ माणूस. आधीच कळलं होतं की ती बाई विचारते, तुमच्याकडे बायका कुठल्या जागांवर आहेत? टायची धावपळ. आदल्या दिवशी अंबुबाईसाठी नवा निळा कोट आला. सकाळी तिला टेबलामागे खुर्चीवर बसवली, समोर गेज, हातात टायने खिशातून काढून दिलेला शिक्का. फोटो काढला. आज ज्या फोटोला हार घातला तो हाच. त्यात ती सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय. मॅनेजरला ती नजर मायाळू वाटते.

टाय तिला म्हणाला, विचारलं तर सांग, मी इन्स्पेक्टर.

गोरी बाई आली. दुभाष्यामार्फत विचारलं, तुमचं काम काय?

अंबुबाईने शिक्का टेबलावर ठेवला आणि दोन बोटांनी टायच्या बाजूला सरकवला. "मी हेल्पर. पुसतें. कागदांत पाहा. मापतात ते हे साहेब. वीस वर्षांचे शिक्के यांचेच आहेत."

 लेथ कुणी बंद केले कुणास ठाऊक.

गोऱ्या बाईने टायला हाताने दाखवलं, मग दाखवा मापून.

टायने गेज उचललं. मी दहा फुटांवर होतो. बघतोय तर त्याने लाल बाजू पुढे धरलेली. बुश चांगला होता, लाल बाजू जाणारच नव्हती. त्याला वाटलं, गेली पाहिजे. त्याने दाबली. जाईना. तेल लावलं. जाईना. कपाळावर घाम, टाय तेलात. मग त्याने गेजवर तळव्याने दणका दिला, आणि ते आत अर्धं जाऊन अडकलं. निघेना. ओढतोय, पिरगाळतोय. बाहेरदेशीची चार माणसं उभी.

गोरी बाई हळूच काहीतरी म्हणाली. दुभाषा म्हणाला, "मॅडम विचारतायत, ही बाजू लाल का आहे?"

अंबुबाई खुर्चीत हात बांधून बसली होती. म्हणाली, "जाऊं नये म्हणून."

मी आयुष्यात पुष्कळ सण पाहिले. असा नाही पाहिला.

मग तिने त्याच्या हातातून बुश घेतला, लाकडी हातोडीने एक टोला दिला, गेज बाहेर. समोरचे पंधरावीस बुश मापून टाकले, करंगळी, साधी बाजू, लाल बाजू, बाजूला. गोऱ्या बाईने जुनी रजिस्टरं मागवली. पान उलटलं की टायचा नंबर, पान उलटलं की टायचा नंबर. तिला जे कळायचं ते कळलं. जाताना अंबुबाईने दुभाष्याला थांबवलं. "यांस विचारा, यांच्या देशीं शिक्का कोणाच्या हातीं असतो?" गोरी बाई मोठ्याने हसली. म्हणाली, माझा माझ्या हातात आहे, पण मी मापलेल्यावर नऊ वर्षं माझा साहेब सही करत होता. अंबुबाईने मान हलवली. आम्हाला म्हणाली, "पाहा. तेथेंही टाय आहेत."

गिऱ्हाइकाने अट घातली, जो मापतो त्याचाच शिक्का. टायला झक मारत द्यावा लागला. तरी त्याने शेवटचा डाव केला. नवा कशाला करायचा म्हणून स्वतःचाच जुना शिक्का तिच्या पुढे केला. ती म्हणाली, "उष्टा नको." आठ दिवस तिने एकाही ढिगाला हात लावला नाही. माल दारापर्यंत साचला. नवव्या दिवशी नवा शिक्का आला, नवा नंबर. पहिला ढीग माझा होता. पूर्ण मापला, मग मारला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हा तो इन्स्पेक्टर करणारा माणूस. त्याच्या घशात हे शब्द परत घालायचे होते, घातले. तिला सहनशील म्हणणाऱ्याने पुन्हा आपल्या तोंडात तिचं नाव घेऊ नये.

इंदू गेल्या श्रावणात गेली. तीन महिने अंथरुणावर होती. अंबुबाई तेव्हा रिटायर होऊन वेलचेरीत एका खोलीत राहायची, दर दुसऱ्या दिवशी यायची. दोघी दार लावून बोलायच्या. मी बाहेर भांडी घासायचो. मोठ्याने हसल्याचं ऐकू यायचं, मग खोकला.

तेराव्याला अंबुबाई आली. जेवली. पान पूर्ण केलं, भात टाकला नाही. माणसं गेली, लेक आत आवरत होती. मी तिला सोडायला रस्त्यापर्यंत गेलो. माझं मन त्या दिवशी पातळ झालेलं. बायको गेलेल्या माणसाला लोक सगळं देतात, मला वाटलं हीही देईल. म्हटलं, "अंबुबाई, त्या सहीचं... आता तरी मनातून काढा."

ती थांबली. चष्मा पुसला.

"अण्णा, इंदूवैनींनी हें आधींच सांगिटलें होतें. म्हणाल्या, मी गेलें की ते रडत तुजकडे येतील, माफी मागतील. देऊं नको. त्यांस फुकट मिळालेलें राहत नाही."

"इंदू म्हणाली?"

"दोनदां म्हणाल्या. मजकडून वचन घेतलें."

मी रस्त्यात उभा राहून रडलो. ती माझं रडणं संपेपर्यंत थांबली, पण हात लावला नाही, गप्प राहा म्हणाली नाही. नंतर म्हणाली, "जेवण वेळेवर करा," आणि समोरून आलेल्या शेअर ऑटोला हात केला.

मागच्या सीटवर दोन तरणे बाप्ये पाय पसरून बसले होते, मधे वीतभर जागा. चालक म्हणाला, अम्मा, पुढच्या गाडीने या. तिने ऐकलं नाही. आत वाकली, एकाच्या गुडघ्यावर पर्स आपटली, दुसऱ्याला कोपराने सरकवला, "तळ्ळु, तळ्ळु," सरका सरका म्हणत बरोबर मधे बसली. ऑटो निघाला. मागच्या उघड्या भागातून मला दिसत होतं, ते दोघे दोन बाजूंना अर्धे बाहेर लटकलेले आणि मधे ती, ऐसपैस, पदर खोचून, समोर बघत. तिने मागे वळून पाहिलं नाही.